गायीचं इंजेक्शन, न फुटलेलं अंडं आणि पिशवी काढल्यावरचा महिना

या वेळच्या पत्रांमधली चार पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली पण चारही एकाच पदार्थापाशी येऊन थांबली, प्रोस्टाग्लँडिन. नाव अवघड आहे पण तो आपल्या सगळ्यांच्या अंगात रोज बनतो. म्हणून चारही एकत्रच घेतली.

प्रश्न : आमच्याकडे चार एचएफ गायी आहेत. त्यातली एक व्यायल्यावर तीन महिने झाले तरी माजावर येईना, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात घालून तपासलं, म्हणाले बीजकोषावर पीतपिंड बसलाय, आणि दोन मिलीचं एक इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी गाय माजावर आली, भरवली पण. बाटलीवर प्रोस्टाग्लँडिन असं काहीतरी होतं. मी बाटली उचलायला गेले तर डॉक्टर म्हणाले ताई हात लावू नका, दिवस गेलेले असतील तर धोका आहे. दुसरं म्हणजे माझ्या जाऊबाईंची पाळी दर वेळी महिना महिना पुढे जाते, त्यांना असलंच इंजेक्शन देऊन पाळी वेळेवर आणता येईल का?
— एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : आधी बाटलीचं सांगते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. हे औषध कातडीतून अंगात शिरतं. गरोदर बाईच्या अंगात गेलं तर गर्भाशय आकुंचन पावून गर्भपात होऊ शकतो आणि दम्याच्या माणसाला लागलं तर श्वासनळ्या आवळतात. गोठ्यात काम करणाऱ्या घरातल्या प्रत्येक बाईला हे माहीत पाहिजे, कारण बाटल्या आणि सुया गोळा करून फेकायचं काम शेवटी आपल्याकडेच येतं. हातावर सांडलंच तर लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचं आणि दिवस गेले असण्याची शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

आता गायीचं. अंडं बाहेर पडलं की बीजकोषावर (ओव्हरीवर) जी रिकामी जागा उरते तिथल्या पेशी पिवळ्या पडून त्यांचा एक गोळा होतो, तोच पीतपिंड. त्याचं मुख्य काम प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवणं, आणि हे प्रोजेस्टेरॉन रक्तात आहे तोवर गाय माजावर येत नाही. गाभण नसेल तर साधारण सोळा-सतराव्या दिवशी गायीचं गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडायला लागतं, त्यातला एफ टू अल्फा हा प्रकार, पुढे नुसतं ‘एफ’ म्हणते. हे एफ गर्भाशयाच्या शिरेतून वर येतं आणि त्या शिरेला बीजकोषाची धमनी अगदी चिकटून, मांडवावरच्या वेलीसारखी वेटोळी घालत गेलेली असते. दोन्हींच्या भिंती इतक्या पातळ आणि इतक्या जवळ की एफ शिरेतून झिरपून थेट धमनीत उतरतं आणि बीजकोषावर जातं. असा आडवाटेचा रस्ता का लागतो तर रक्त फुफ्फुसातून एकदा फिरून आलं की त्यातलं बरंचसं एफ मोडून गेलेलं असतं, म्हणजे राजरस्त्याने पाठवलं तर पोचेपर्यंत फारसं उरतच नाही. तर असं ते एफ पोचलं की पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि गाय दोन ते पाच दिवसांत माजावर येते. तुमच्या डॉक्टरांनी गर्भाशयाचं हेच काम सुईने केलं, नैसर्गिक एफ असेल तर ५ मिली म्हणजे २५ मिलिग्रॅम लागतं, आणि २ मिली वाली बाटली बहुतेक क्लोप्रोस्टेनॉलची, म्हणजे एफसारखंच पण कारखान्यात बनवलेलं औषध, ५०० मायक्रोग्रॅम.

आणि त्यांनी आधी हात घालून का पाहिलं तेही लक्षात घ्या. पीतपिंड असेल तरच हे इंजेक्शन लागू पडतं, आणि तो पण पाच-सहा दिवस जुना झालेला पाहिजे, कोवळा पीतपिंड त्याला दाद देत नाही.

इथेच जाऊबाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. ज्या बाईची पाळी महिना महिना लांबते तिच्यात बऱ्याच वेळा अंडंच फुटलेलं नसतं, म्हणजे पीतपिंड नसतोच, मग सुकवायचं काय? आणि उरलेलं अर्धं उत्तर असं की पीतपिंड असला तरी बायकांना हे इंजेक्शन त्या कामासाठी उपयोगाचं नाही. १९७० च्या आसपास शास्त्रज्ञांना मोठी आशा होती की गायी-मेंढ्यांमधे चालतं ते बायकांमधेही चालेल आणि महिन्यातून एकदाच घ्यायचं गर्भनिरोधक हातात येईल. बायकांना शिरेतून एफ देऊन पाहिलं. उलट्या, जुलाब, पोटात कळा हे सगळं झालं, प्रोजेस्टेरॉन थोडं खाली गेलं, औषध थांबवल्यावर परत वर आलं आणि पाळी आपल्या वेळेलाच आली. आज माणसांमधे या जातीची औषधं वापरतात ती गर्भाशय आवळण्यासाठी, म्हणजे बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तर कार्बोप्रोस्टचं इंजेक्शन देतात, त्याने कितीतरी बायकांचे जीव वाचलेत. पण पाळी आणायला नाही. जाऊबाईंना म्हणावं सोनोग्राफी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन एवढं करून घ्या आणि बायकांच्या डॉक्टरकडे जा, गोठ्यातल्या बाटलीकडे बघू पण नका.

प्रश्न : वय ४६. फायब्रॉइडमुळे दोन वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली, दोन्ही बीजकोष ठेवलेत. आता पाळी येत नाही, पण महिन्यातून एकदा आठवडाभर छाती जड होते, चिडचिड होते, पोट फुगल्यासारखं वाटतं आणि मग एकदम सगळं उतरतं. घरात सांगितलं तर म्हणतात पिशवी गेली की हार्मोन पण गेले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरंच मनाचे खेळ आहेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. अजिबात नाही. तुमचे बीजकोष काम करतायत आणि तुम्हाला ते जाणवतंय.

घरातले म्हणतात ते गायीच्या बाबतीत थोडंफार खरं ठरलं असतं, तिचं चक्र थांबलं असतं. १९२३ साली लिओ लोएब नावाच्या शास्त्रज्ञाने गिनिपिगचं गर्भाशय काढून पाहिलं तर पीतपिंड सुकायचं नावच घेईना, नेहमीपेक्षा किती तरी जास्त दिवस टिकला. मेंढीत पण तसंच, गर्भाशय काढलं की पीतपिंड महिनोन् महिने टिकून राहतो, कारण त्याला ‘आता बस’ म्हणणारं कोणी उरलेलं नसतं. मग १९६९ मधे ऱ्हिसस माकडिणींवर हेच करून पाहिलं, ही उत्तर भारतात सगळीकडे दिसतात ती लाल तोंडाची माकडं, यांची पाळी आपल्यासारखीच २८ दिवसांच्या आसपास असते. गर्भाशय काढलं. आणि प्रोजेस्टेरॉन मात्र ठरल्या वेळेला वर गेलं, ठरल्या वेळेला खाली आलं, पुढच्या महिन्यात परत तसंच. रक्तस्राव नाही एवढाच फरक. बायकांमधेही तेच दिसलं.

याचा अर्थ असा की माणसात आणि माकडात पीतपिंड थांबवायचा हुकूम गर्भाशयातून येत नाही, तो बीजकोषाच्या आतच कुठेतरी निघतो. तुमचा पीतपिंड दर महिन्याला तयार होतोय, दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन देतोय, त्या दिवसांत छाती जड होतेय, तो सुकला की बरं वाटतंय. पिशवी असती तर याच दिवशी पाळी आली असती. दोन-तीन महिने कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, चक्र डोळ्यांनी दिसेल, आणि ते कॅलेंडर घरातल्यांपुढे ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या, पिशवी काढलेल्या बायकांमधे रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते, तेव्हा अंगातून वाफा, रात्री घाम असं सुरू झालं तर पाळीच नाही तर रजोनिवृत्ती कळणार कशी असं म्हणून गप्प बसू नका, सांगा डॉक्टरांना.

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली, दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. वय ३१, आयटीत आहे. मणक्याच्या दुखण्यासाठी मी जवळजवळ रोज एक पेनकिलर घेते, कधी डायक्लोफेनॅक कधी एटोरिकॉक्सिब. दोन महिने फॉलिक्युलर स्टडी केली, म्हणजे अंडं कसं वाढतंय ते सोनोग्राफीवर बघितलं. दोन्ही वेळा अंडं वाढलं, १४ व्या दिवशी २१ एमएम, १६ व्या दिवशी २४, १८ व्या दिवशी पण तिथेच, फुटलंच नाही. पण २१ व्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन चांगलं आलं. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं ओव्ह्युलेशन होतंय, दुसऱ्या म्हणाल्या होत नाहीये, आणि त्यांनी पेनकिलर बंद करायला सांगितली. मला काहीच कळेना, गोळी पाठीसाठी घेते ना, तिचा अंड्याशी काय संबंध?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, संबंध आहे आणि तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतंय. हे जरा सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट मला वर्षानुवर्षं खटकते की मेडिकलमधून पेनकिलर हातात देताना ‘बाळासाठी प्रयत्न चालू आहेत का’ हे कोणीच विचारत नाही.

प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयातच बनतं असं नाही. मुळात ते १९३० च्या दशकात सापडलं ते वीर्यात, स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वाटलं ते प्रोस्टेटमधून येतंय म्हणून असं नाव पडलं, नंतर कळलं की ते बहुतेक शेजारच्या ग्रंथींमधून येतं, आणि त्याही नंतर कळलं की शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी ते बनवतात. जिथे सूज, जिथे दुखणं, तिथे ते आहेच. १९७१ मधे जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात आणि म्हणून दुखणं कमी होतं, त्यांना आणि आणखी दोघांना १९८२ चं नोबेल मिळालं ते प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी. तुमची डायक्लोफेनॅक पण तेच करते, एटोरिकॉक्सिब पण तेच करते. पण गोळीला कुठे माहिती की तुम्हाला पाठ दुखते म्हणून तिने फक्त पाठीतच काम करायचं, ती रक्तातून सगळीकडे जाते, बीजकोषात पण.

आता तुम्ही सोनोग्राफीच्या पडद्यावर जो काळा गोल बघितलात, तो म्हणजे बीजकोषातली पाण्याने भरलेली छोटी पिशवी, फॉलिकल (वरच्या पत्रातली गर्भपिशवी नव्हे), अंडं त्याच्या भिंतीला आतून चिकटलेलं असतं, डोळ्यांना दिसतही नाही. आपण ‘अंडं २१ एमएम झालं’ म्हणतो ती खरं म्हणजे पिशवीची मापं. मेंदूखालच्या ग्रंथीतून एलएच नावाच्या हार्मोनची लाट येते तेव्हा या पिशवीत दोन कामं एकदम सुरू होतात. एक म्हणजे भिंतीतल्या पेशी आपला धंदा बदलतात आणि प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतात. दुसरं म्हणजे त्याच पेशींमधे कॉक्स टू नावाचं एन्झाइम जागं होतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन बनतं, मुख्यतः ‘ई टू’ प्रकारचं, आणि हे ई टू अंड्याला भिंतीपासून सोडवतं, पिशवीचा एक कोपरा पातळ करून फोडतं. या सगळ्याला साधारण दीड दिवस लागतो. पेनकिलर नेमकं कॉक्स बंद करते, म्हणजे दुसरं काम अडतं आणि पहिलं बऱ्याचदा चालूच राहतं. अंडं आतच कोंडलेलं, वरती पीतपिंड तयार, प्रोजेस्टेरॉनचा रिपोर्ट छान. सोनोग्राफीवर डॉक्टर याला ‘लफ’ म्हणतात, न फुटलेल्याच फॉलिकलचा पीतपिंड होणं.

हे माकडांमधे फार स्वच्छ दाखवलं गेलंय. १९७५ च्या सुमाराला ऱ्हिसस माकडिणींना इंडोमेथॅसिन ही पेनकिलर देऊन अंडं फुटणं अडवलं आणि वरून प्रोस्टाग्लँडिन देऊन ते परत चालू केलं. पण मला त्याहून आवडतो तो २००२ चा अमेरिकेतला प्रयोग, त्यात त्यांनी संपूर्ण माकडिणीला औषध दिलंच नाही, बारीक सुईने कॉक्स अडवणारं औषध फक्त त्या एका पिशवीत सोडलं. अंडं बाहेर आलं नाही. प्रोजेस्टेरॉन मात्र नेहमीसारखंच, पुढची पाळीही नेहमीसारखी. आणि औषधाबरोबर थोडं ई टू पण सोडलं तेव्हा अंडं सुटलं. बघा, तुमच्या दोन डॉक्टरांमधला वाद इथेच आहे, एका डॉक्टरांनी फक्त रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि दुसऱ्यांनी पडदा बघितला. प्रोजेस्टेरॉन चांगलं याचा अर्थ पीतपिंड झालाय एवढाच, अंडं बाहेर पडलंय असा नाही.

बायकांमधला एक छोटा अभ्यास २०१५ मधे बगदादच्या डॉक्टरांनी मांडला, पाठदुखीच्या ३९ बायका, पाळीच्या दहाव्या दिवसापासून दहा दिवस गोळी. गोळी न घेणाऱ्या सगळ्यांचं अंडं फुटलं. नॅप्रोक्सेन आणि एटोरिकॉक्सिबवाल्यांमधे साधारण चारातल्या एकीचंच फुटलं, डायक्लोफेनॅकवाल्यांमधे त्याहून कमी. गोळी घेणाऱ्यांमधे प्रोजेस्टेरॉन पण कमी आलं, म्हणजे अंगभर गोळी गेली की दर वेळी माकडिणीच्या प्रयोगासारखं इतकं स्वच्छ चित्र राहतंच असं नाही. अभ्यास लहान आहे हे मान्य, पण दिशा तीच आहे जी माकडांमधे दिसली, म्हणून मी तो हलका धरत नाही.

चांगली गोष्ट अशी की हे कायमचं नसतं. गोळी थांबवली की पुढच्या एक-दोन महिन्यांत बहुतेकींचं अंडं परत फुटायला लागतं. तेव्हा तुमच्या मणक्याच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की बाळासाठी प्रयत्न चालू आहेत, निदान पाळीच्या आठव्या-नवव्या दिवसापासून अंडं फुटेपर्यंत या गोळ्या टाळता येतील का, त्या जागी पॅरासिटामॉल, शेक, फिजिओथेरपी चालेल का. स्वतःच्या मनाने सगळं एकदम बंद करू नका, विशेषतः ज्यांना संधिवात आहे त्यांनी तर नाहीच. आणि ज्यांना डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅमची छोटी ॲस्पिरिन दिली आहे त्यांनी हे वाचून ती सोडू नका, त्या डोसचं गणित वेगळं आहे.

हे छापून आल्यावर पन्नास जणी विचारणार म्हणून इथेच सांगून टाकते, पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेतली तर बाळ राहायला अडचण येत नाही. ती दुखणारी कळ म्हणजेच गर्भाशयाच्या अस्तरातलं एफ, गोळी ते कमी करते, आणि अंडं फुटायला अजून दहा-बारा दिवस असतात, तोवर गोळीचा असर कधीच संपलेला असतो. ते दुखणं सोसत बसू नका.

प्रश्न : एमएस्सी झूलॉजीला आहे. आमच्या पुस्तकात एका ठिकाणी लिहिलंय प्रोस्टाग्लँडिन प्रोजेस्टेरॉन कमी करतं आणि दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय वाढवतं. मग प्रायमेटमधे, म्हणजे माकडं आणि माणूस या गटात, नक्की काय होतं? आणि गर्भाशय नाही तर पीतपिंड सुकवतं कोण?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त प्रकार वेगळे. ई टू पेशीच्या ज्या दारावर (रिसेप्टरवर) थाप मारतं तिथे आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या वाढतो, एलएच पण हेच करतं, म्हणून प्रोजेस्टेरॉन वाढतं. एफचं दार वेगळं, तिथून कॅल्शियमचा रस्ता सुरू होतो आणि कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या आतल्या कारखान्यात) नेणारं ‘स्टार’ प्रोटीन कमी पडतं. कोलेस्टेरॉल म्हणजे कच्चा माल, तोच आत गेला नाही तर प्रोजेस्टेरॉन बनणार कशाचं. १९७९ मधे ऱ्हिससच्या पीतपिंडाच्या पेशी बशीत ठेवून हा फरक दाखवला गेला, एफने एलएच आणि एचसीजी (गर्भ सोडतो ते हार्मोन) यांचा परिणाम दाबला आणि ई टूने उलट केलं.

पण बशी आणि अंग यात फरक असतो. माकडिणीला एफ सुईने अंगात दिलं तर फारसं काही होत नाही, तेच बारीक पंपाने थेट पीतपिंडात सोडत राहिलं तर तो वेळेआधी सुकतो, आणि सोबत ई टू सोडलं तर वाचतो. १९८० च्या दशकातलं आणि १९९० मधलं काम आहे हे. स्वीडनमधे १९९१ साली बायकांच्या पीतपिंडात थेट एफ टोचलं तेव्हाही प्रोजेस्टेरॉन खाली आलं. म्हणजे आपल्या पीतपिंडाला एफची भाषा कळते, फक्त ती शेजारून बोलली गेली पाहिजे. पीतपिंड स्वतःच दोन्ही बनवतो, आणि तो म्हातारा होत जातो तसं त्याला एलएच पण पुरेनासं होतं, तेव्हा आतल्या आत पारडं एफकडे झुकतं असं समजतात. हुकूम एकाच ठिकाणाहून येतो असं मात्र मी परीक्षेत लिहू नकोस म्हणेन, एलएचला कमी प्रतिसाद, रक्तपुरवठा, एफ, हे सगळं गुंतलेलं आहे.

गर्भ राहिला तर काय होतं ते गायीशी ताडून बघ, मजा येईल. गायीचा गर्भ सोळा-सतराव्या दिवशी इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रोटीन सोडून गर्भाशयाला गप्प करतो, एफ पाठवू नको म्हणतो. आपला गर्भ यासाठी गर्भाशयाला मधे घालत नाही, एचसीजी सोडून सरळ पीतपिंडाला सांगतो की चालू ठेव. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर दोन रेषा उमटतात ती हीच हाक.

आणि ‘प्रायमेट’ हा एकच डबा समजू नकोस. ब्राझीलचं मार्मोसेट हे छोटंसं माकड, वजन जेमतेम ३००-४०० ग्रॅम, त्याला क्लोप्रोस्टेनॉलचं स्नायूतलं एकच इंजेक्शन दिलं की पीतपिंड सुकतो, पण पीतपिंड आठवडाभर जुना झालेला हवा. प्रयोगशाळांमधे मार्मोसेटच्या माद्यांचं चक्र असंच जुळवतात, वाळव्याच्या ताईंच्या गायीसारखंच. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बॉनेट माकडांच्या आणि म्हशींच्या, दोन्हींच्या पीतपिंडावर काम झालंय, सह्याद्रीत दिसतात ती टोपीसारख्या केसांची माकडं हीच. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर तिथले पेपर आधी वाच, म्हैस आणि माकड शेजारी ठेवून वाच.